कंसातलं अंगण

त्या दिवशी धुकं असं उतरलं होतं, की अंगणातली बाज दिसेना आणि बाजेवर बसलेला मी मलाच दिसेना! कडुनिंबावरून थेंब टपटप गळत होते. चुलीचा धूर वर जायचं सोडून जमिनीवरच लोळत होता. पौषातली थंडी. बैलसुद्धा कान पाडून उभे.

किस्से साठतात कसे, सांगू? घरात कापूस साठतो तसे. आधी कोपऱ्यात एक गाठोडं. मग अर्धी खोली. मग एक दिवस कापूस घरात आणि माणूस बाहेर बाजेवर! त्या वर्षांत आमच्या तांड्यात घरोघरी हेच चाललं होतं. भाव चढेल म्हणून कापूस घरात, आणि भाव काही चढेना. दिवस हसायचे नव्हतेच. पण माझ्या अंगणात त्या हंगामात इतकं हसू झालं, की ते मला अजून पुरतं आहे.

शाळा मी बाहेरूनच पाहिली. अक्षरं म्हातारपणी जुळवली. म्हणून हळूहळू सांगतो. आणि आम्ही आपसात बोलतो गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, पण तुम्हाला कळावं म्हणून सगळ्यांना वऱ्हाडीच बोलायला लावतो.

तर त्या धुक्यातून एक जीप आली. आधी आवाज आला, मग दिवे आले आणि मग गमनीभोजाईची किंचाळी आली.

"अबे थांबव! माही राणी!"

भोजाई म्हणजे आमच्यात वहिनी. गमनी माझ्या चुलतभावाची बायको. भाऊ गेला, ती आणि मी शेजारी राहिलो. दोन घरं, अंगण एक, मधे गुडघ्याएवढी मातीची भिंत. आणि राणी म्हणजे तिची बकरी. जीप राणीच्या नाकापाशी येऊन थांबली. राणी जागची हलली नाही. हललो आम्ही.

जीपमधून तिघं उतरली. एक पांढऱ्या केसांचे, मफलर गुंडाळलेले कर्णिक सर, पुण्याचे. एक तपनदादा, कलकत्त्याचा, पण मराठी येणारा, कानाला फोन. आणि एक पोरगी, नंदिनी. ती आपल्या यवतमाळचीच, वडील कचेरीत नोकरीला. त्यांना राहायला जागा हवी होती. पांढरकवड्याच्या चहावाल्याने माझं नाव, थावरा, सांगितलं होतं.

"कायचा अभ्यास करता?" मी विचारलं.

"बाबा, दुनियेतले देश एकत्र बसून नियम कसे ठरवतात, त्याचा," सर म्हणाले. "तिकडे ठरलेला नियम तुमच्या कापसापर्यंत कसा पोचतो, ते आम्हाला इथे राहून पाहायचं आहे."

गमनी बकरीला कुरवाळत होती. तिने मान वर केली. "म्हंजे साऱ्या दुनियेले एका जागी बसवता तुमी?"

"आम्ही बसवत नाही हो. ते बसतात. आम्ही पाहतो."

"मंग पयले जीप तं नीट बसवा! अर्धी माह्या अंगणात हाय!"

* * *

मला ते हवे होते, हे आधीच सांगून टाकतो. माझी मंडळी जाऊन बरेच दिवस झाले होते. मुलगा वणीला कोळशाच्या ट्रकवर. घरात आवाज म्हणजे माझाच खोकला. कापूस मागच्या खोलीत दाबला आणि दोन खोल्या मी त्यांना त्याच दिवशी उघडून दिल्या.

पण रामजी नाईक आले. नाईक म्हणजे तांड्याचा प्रमुख. त्यांनी गमनीला विचारलं. ती म्हणाली, "माही बकरी भेली. माहा नाही हाय."

नाईक म्हणाले, "अंगन दोन घरांचं. थावराचा हो, गमनीचा नाही. दोघांचा हो झाल्याशिवाय पाहुना पक्का होत नाही. होळीपर्यंत राहा. होळीच्या दिवशी नसाब बसन, तवा गमनीले पुन्हा इचारू. हो म्हनली तं राहा, नाही म्हनली तं आपला रस्ता धरा."

नसाब म्हणजे तांड्याची बैठक. तिथे ठरलं ते ठरलं.

नंदिनीचा चेहरा पडला. तिला पेरणीपासून वेचणीपर्यंत एक पूर्ण पीक इथे राहून पाहायचं होतं. तिच्या युनिव्हर्सिटीने बजावून ठेवलं होतं, की राहायची जागा पक्की झाली नाही तर हा विषय सोड आणि दिल्लीला येऊन लायब्ररीत बस. होळीला जायचं म्हणजे पेरणीही दिसणार नव्हती.

तपनदादा तिला म्हणाला, "अगं, आपण देशादेशांच्या समजुतींचा अभ्यास करतो. एका आजीला समजावता येणार नाही का?"

गमनीने भिंतीपलीकडून ऐकलं. नुसती हसली. मला ते हसू माहीत होतं. माझ्या भावाने त्या हसण्यासोबत सारा जन्म काढला होता.

* * *

स्वयंपाक मी करायचो. पहिल्याच संध्याकाळी विचारलं, "भाजी कायची करू?"

तपनदादा म्हणाला बटाटा. सर म्हणाले पालक. नंदिनी म्हणाली वांगं. आमच्याकडे अशा वेळी जो जोरात ओरडेल त्याची भाजी होते. हे लोक ओरडेनात! सर म्हणाले, "तपन, तुझ्या मताचा मला पूर्ण आदर आहे." तपन म्हणाला, "सर, तुमची बाजू मला समजते." नंदिनी म्हणाली, "दोन्ही बाजूंनी थोडं पुढे यायला हवं." सगळे पुढे आले. भाजी मागेच राहिली!

शेवटी नंदिनीने खडूने दारावर लिहिलं: भाकर, भाजी, चहा. आणि भाजीच्या दोन्ही बाजूंना दोन उभ्या रेघा ओढून त्यांना वर-खाली शेपट्या काढल्या.

"हे काय व पोरी?"

"हा कंस, बाबा. जे अजून ठरलं नाही, ते कंसात ठेवायचं. दुनियेच्या सभेतही असंच करतात. सगळ्यांचं एकमत झालं की कंस काढायचा."

"मंग आज जेवाले?"

"भाजी कंसात आहे ना अजून."

आम्ही ठेचा-भाकर खाल्ली. दुसऱ्या दिवशीही ठेचा-भाकर. त्याच्या दुसऱ्या दिवशी गमनी भिंतीशी आली. "थावरा, पाहुन्याईले भाजी काहून देत नाही बापा? चिंगूसपना करून राह्यला का?"

"भाजी कंसात हाय, भोजाई."

तिने सगळं समजून घेतलं. आत गेली आणि वांग्याच्या भाजीचं पातेलं आणून भिंतीवर ठेवलं. "घ्या. राहाले नाही म्हनली मी, खाले नाही म्हनली नाही."

मग तो शब्द तांडाभर झाला. लाईन, म्हणजे वीज, गेली, की पोरं ओरडायची, "लाईन कंसात!" कोणाची सोयरीक अडली, की बाया म्हणायच्या, "नवरदेव कंसात हाय." पारावर कोणी विचारलं, "कापसाचा भाव काय?" तर दुसरा विडी झटकत सांगायचा, "कंसात!"

* * *

तपनदादाचा फोन आमच्या तांड्यात लागत नसे. तो घरावर चढला, टाकीवर चढला, कडुनिंबावर चढला. रेंज सापडली ती माझ्या बंडीवर, म्हणजे बैलगाडीवर! कापसाने भरलेली बंडी, वर चढून बसलं की चार काड्या.

त्या सकाळी मी कापूस पांढरकवड्याला न्यायला निघालो होतो. बैल जुंपलेले. हा भाऊ वर चढून कापसात रुतून बसलेला, डोळे मिटून, कानाला फोन. बाहेरदेशातली मोठी मीटिंग होती म्हणे.

"दादा, मले जायचं हाय," मी म्हणालो.

त्याने डोळे न उघडता बोट ओठांवर ठेवलं. चूप!

मी चूप. मी काय, तसाही कमीच बोलतो. पण बैलांना कोण सांगणार? त्यांना पांढरकवड्याचा रस्ता पाठ. निघाले. मी कासरा धरला. नाला गेला, मारुतीचं देऊळ गेलं, मोठी सडक लागली. हैद्राबादकडे जाणारे ट्रक कर्णे वाजवत गेले. तपनदादा डोळे मिटून इंग्रजीत बोलतो आहे. मधेच थांबून म्हणाला, "बाबा, आज गावात गाड्या फार आहेत!"

मी चूप.

जिनिंगच्या दारात बंडी उभी राहिली. खरेदीवाल्याचा माणूस आला. कापूस पाहायचा म्हणजे बंडीत कोपरापर्यंत हात घालून आतला मूठभर ओढून काढायचा, ही इथली रीत. त्याने हात घातला. ओढलं. निघेना. जोर लावला. कापसातून मोज्यातला पाय बाहेर आला!

तो माणूस दोन हात मागे उडाला. "थावरा! हे काय भरून आनलं बे?"

आणि वरून तपनदादाचा आवाज आला, अगदी नम्र. तो फोनवर सांगत होता, "माफ करा सर, मी नंतर बोलतो. मला मार्केटने पायाला धरलंय."

* * *

आता सरांनी काय करून ठेवलं, ते ऐका. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

एका दुपारी ते नाईकांशी बोलत बसले होते. माझ्याच अंगणात. सरांनी विचारलं, "नसाबमध्ये निर्णय कसा होतो? मतदान करता?"

"मत कायले? सारे हो म्हनेपर्यंत बसतो."

"आणि एखादा हो म्हणतच नसेल तर?"

"मंग तो दमेपर्यंत बसतो."

"आणि तो दमलाच नाही तर?"

नाईकांनी सुपारी फोडली. "मंग आमी दमतो. त्याचं आयकतो."

सर उठून उभे राहिले! लहान पोरासारख्या टाळ्या वाजवल्या. "नंदिनी! तपन! ऐकलंत? अगदी तसंच! तिकडेही शेवटचा देश हो म्हणेपर्यंत काही ठरत नाही!"

गमनी भिंतीवर बसून सुपात तूर पाखडत होती. सूप थांबलं. "म्हंजे मी एकटी नाही म्हनली, तं सारं अडते?"

"हो याडी," सर म्हणाले. याडी म्हणजे आई. त्यांनी तो शब्द नंदिनीकडून शिकून घेतला होता. "त्या सभेच्या भाषेत सांगायचं तर तुम्ही एक देश आहात."

"मी? देश?"

"देश."

"लहान का मोठा?"

"लहान असो की मोठा, याडी, नकार सगळ्यांचा सारखाच."

गमनीने सूप उचललं आणि ती आत गेली. नंदिनी कपाळाला हात लावून खाली बसली. "सर, तुम्ही काय सांगितलंत त्यांना!"

"खरं तेच सांगितलं," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या आधी गमनी बाहेर आली. अंगावर आरशांची कांचळी, फेटियाचा घेरदार घागरा, हातभर बलिया, म्हणजे बांगड्या. असा साज तिने भाऊ गेल्यापासून चढवला नव्हता.

"काय व भोजाई, कोनाचं लगन हाय?" मी विचारलं.

"लगन कायचं? चर्चा हाय," ती म्हणाली. "सरक. देशाले बसाले जागा दे."

* * *

मग रोज संध्याकाळी बैठक सुरू झाली. भिंतीच्या इकडे बाजेवर ते तिघं, भिंतीच्या तिकडे गमनी आणि तिच्या मांडीला टेकून राणी. मधे कंदील. मी चहावाला.

गमनीच्या हरकती नंदिनीने पाटीवर लिहून घेतल्या, सगळ्या कंसात. एक, खोलीतल्या दिव्याचा उजेड तिच्या डोळ्यांवर येतो. दोन, तपनदादा फोनवर बोलत बोलत तिच्या वाळवणावरून चालतो. तीन, सर सकाळी गुळण्या करतात त्याचा आवाज पार मुकुटबनपर्यंत जात असेल. चार, बकरी नाराज आहे.

"बकरी कशाने नाराज आहे?" तपनदादाने विचारलं.

"तिले इचारा."

"पण बकरी या चर्चेची सदस्य नाही!"

"ती माह्या देशात राह्यते का नाही?"

तपनदादा तापला. म्हणाला, नियम म्हणजे नियम. सरांनी दोघांना शांत केलं. मग मार्ग काढला. "आपण राणीला निरीक्षक करू. निरीक्षकाला सभेत बसता येतं, पाहता येतं, फक्त बोलता येत नाही."

गमनीने विचार केला. "चालते."

"ठरलं तर," तपनदादा म्हणाला. "निरीक्षक बोलणार नाही."

"बेंऽऽ!" राणी म्हणाली.

गमनीने नंदिनीकडे बोट केलं. "लिहून घे पोरी."

* * *

दिव्याचा कंस निघाला. खिडकीला पोतं लावलं. वाळवणाचा कंस निघाला. तपनदादा फोन घेऊन बंडीवरच जाऊ लागला, पण आता चढायच्या आधी बैल जुंपले आहेत का ते पाहायचा.

गुळण्यांवर बरीच ओढाताण झाली. शेवटी सरांनी गोठ्यामागे जाऊन गुळण्या कराव्यात असं ठरलं. नंदिनीने कंस पुसला. सगळ्यांनी चहा घेतला. सर इतके खूश झाले, की त्यांनी मला जवळ घेतलं.

दुसऱ्या संध्याकाळी गमनी आली ती फुरंगटून. "काल ठरलं ते मोडा."

"का हो याडी? मी गोठ्यामागेच गेलो होतो. आवाज आला का?"

"आला नाही, तेच तं सांगून राह्यली! आवाज आला नाही तं माही झोपच उघडली नाही. दिवस डोक्यावर आला. राणीचं दूध काढाचं राह्यलं. ते काही नाही. गुळन्या अथीच करा, भिंतीपाशी."

तपनदादा म्हणाला, "याडी, एकदा काढलेला कंस परत घालता येत नाही!"

"दुनियेत घालत असतीन का नाही?" तिने सरांना विचारलं.

सर बिचारे खरं बोलणारे. "घालतात," म्हणाले. "नेहमी घालतात."

घातला! आणि हे असंच होऊ लागलं. एक कंस निघाला, की दोन बसायचे. तुमची पोरगी केस मोकळे सोडून अंगणात हिंडते, तिने वेणी घालावी. बरं, घातली. तर वेणी वाकडी आहे, माझ्याकडून घालून घ्यावी. बरं, घेतली. तर रोज घ्यावी, कंसात! होळी जवळ येत होती. पळस फुलले होते. नंदिनी गमनीसमोर पाठ करून वेणीला बसायची आणि तिथून माझ्याकडे अशी पाहायची, की मला चहात साखर घालायचं भान राहत नसे.

एकदा तिने मला गोठ्यात गाठलं. "बाबा, याडीला नेमकं हवं तरी काय आहे?"

"मले काय मालूम, बेटा. मी चहावाला."

खरंच माहीत नव्हतं. मी एवढंच पाहत होतो, की गमनीची चूल आताशा सूर्य बुडायच्या आतच आवरलेली असे.

* * *

मग जिनिव्हाचे, म्हणजे ती दुनियेची सभा जिथे बसते तिथले, एक साहेब आले. सरांचे जुने दोस्त, मोठे अभ्यासक, ताडासारखे उंच. नंदिनी म्हणाली, आधी नाईकांना भेटवू. गमनीने ते ऐकलं. "बाहेरदेशचा मानूस हाय ना? मंग पयले देशाच्या घरी आला पाह्यजे."

साहेबांना ते सांगितलं. त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी जीपमध्ये जाऊन कोट घातला! गमनीच्या दारात वाकून आले तरी कपाळ चौकटीला लागलंच. गमनीने त्यांना पाटावर बसवलं, गुळाचा खडा दिला, कपाळाला हळद लावली. साहेब पाटावर पाय कुठे ठेवायचे ते शोधत होते. राणीने त्यांच्या कोटाचा खिसा तपासला. निरीक्षकच ती.

नंदिनी मधे बसून इकडचं तिकडे सांगत होती. गमनीने विचारलं, "तुमच्या सभेत कंस किती दिवस राह्यते?"

साहेब म्हणाले, काही लवकर निघतात. काही राहतात.

"आमच्या कापसाचा?"

नंदिनीने ते इंग्रजीत सांगितलं. साहेब हातातला गुळाचा खडा फिरवत राहिले. दारात आम्ही बरेच जण उभे होतो. माझ्या मागे घर आणि घरात अजून अर्धी खोली कापूस. मग ते हळू आवाजात बोलले आणि नंदिनीने तितक्याच हळू सांगितलं, "याडी, ते म्हणतात, तो अजून आहे. वर्षानुवर्षं आहे."

बाहेर एक बैल घंटा हलवून गेला.

गमनीने साहेबांच्या गुडघ्यावर थोपटलं. "राहू दे बापा. तू एकटा काय करशीन? हे पाह्य ना, माहा कंस तं होळीले निघन नाही तं नाही निघन. तुहाच मोठा हाय!"

नंदिनीने सांगितलं. साहेब आधी हसले. मग त्यांनी गमनीचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. जाताना पुन्हा कपाळ चौकटीला लागलं.

* * *

होळी आली. आमच्यात होळी पहाटे पेटते. दिवस वर येईपर्यंत लेंगी, म्हणजे होळीची गाणी, तांडाभर चालू होती. दुपारी कडुनिंबाखाली नसाब बसली. नंदिनीने सकाळीच सामान बांधून जीपपाशी ठेवलं होतं. मी तिकडे पाहायचं टाळत होतो.

आदल्या संध्याकाळपर्यंत सगळे कंस निघाले होते. गुळण्या भिंतीपाशी, वेणी रोज, चहात आलं. एकच उरला होता: बकरी नाराज.

नाईक म्हणाले, "थावरा, तुहं काय?"

"माहा हो हाय."

"गमनी?"

गमनी पूर्ण साजात बसली होती. मांडीला राणी. तिने नाईकांकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, जीपपाशी ठेवलेल्या सामानाकडे पाहिलं. लेंगी गाणाऱ्या बाया गायच्या थांबल्या. मी अंगठ्याने माती उकरत होतो.

"माहा हो हाय," ती म्हणाली.

नंदिनीने ओढणीत तोंड लपवलं. नाईकांनी ठरल्यावर वाटायची गुळाची ताटली उचलली. "मंग ठरलं..."

"थांबा!"

सर उभे होते.

"माफ करा नाईकसाहेब, पण ठरलं नाही. चौथी हरकत अजून कंसात आहे. बकरी नाराज आहे. कंस असेपर्यंत मजकूर पक्का होत नाही."

तपनदादाने त्यांचा सदरा धरून खाली ओढलं. "सर, बसा! सर, आपण जिंकलोय!"

"जिंकायचा प्रश्न नाही, तपन. पद्धतीचा प्रश्न आहे. उद्या कोणी म्हटलं, की एका सदस्याची हरकत दाबून निर्णय झाला, तर?"

"अहो, ती निरीक्षक आहे!"

"हरकत याडींनी नोंदवली आहे. निरीक्षकाबद्दल आहे, निरीक्षकाची नाही."

सगळी नसाब आ वासून बसली. आमच्या तांड्यात आजवर पुष्कळ माणसं स्वतःसाठी भांडली. मिळालेलं परत द्यायला भांडणारा कोणी पाहिला नव्हता. नाईकांनी गुळाची ताटली परत खाली ठेवली. आणि नंदिनी! तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती सरांकडे अशी पाहत होती, की सर सर नसते तर तिने त्यांना तिथेच बदडलं असतं.

तेवढ्यात गमनी हसायला लागली. आधी बलिया खळखळल्या, मग खांदे हलले, मग तोंडावर ओढणी धरून ती अशी हसली, की बाजूच्या बाया तिला धरू लागल्या. "अवं माय! हा बुढा माह्याकून भांडून राह्यला!"

हसू आवरल्यावर तिने राणीच्या गळ्यातली दोरी सोडली. "जाय. तूच सांग."

राणी उठली. अंग झटकलं. नसाबच्या मधोमध उभी राहून तिने सगळ्यांना पाहून घेतलं. मग नाईकांच्या पुढून, सरांच्या पायांवरून, तपनदादाला वळसा घालून ती सरळ जीपपाशी गेली आणि नंदिनीच्या बांधलेल्या गाठोड्यावर चढून बसली.

सरांनी घसा साफ केला. "हरकत मागे घेतली, असं समजायला हवं."

"समजा!" तपनदादा ओरडला. "लवकर समजा!"

गूळ वाटला. लेंगी पुन्हा सुरू झाली. बायांनी सरांना मधे घेऊन नाचवलं. मफलरासकट!

* * *

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंगणात काहीच नव्हतं. ठरवायचं काही उरलंच नव्हतं. सर आत वाचत होते. तपनदादा बंडीवर. नंदिनी खोलीत सामान परत लावत होती, तिचं गुणगुणणं ऐकू येत होतं. मी सवयीने जास्तीचा चहा ठेवला, मग तो मीच प्यालो.

गमनीची चूल आवरलेली होती. ती साज घालून बाहेर आली. भिंतीवर बसली. राणीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. कंदील मी लावला नव्हता. अंधारून आलं तशी ती उठून आत गेली.

सकाळी सरांच्या गुळण्या झाल्या. मी बैलांना पाणी पाजत होतो. राणी भिंत ओलांडून आमच्या बाजूला आलेली, नंदिनीच्या चपलांवर मान टाकून, डोळे अर्धे मिटून, रवंथ करत पडलेली. इतकं समाधानी जनावर मी आजवर पाहिलं नाही.

गमनी भिंतीपाशी आली. तिने एकदा राणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"थावरा," ती म्हणाली, "तुह्या पाहुन्याईले सांगजो, माही बकरी पुन्हा नाराज हाय!"